होमकमिंगचं बोलावणं

आमचा मुलगा शाळेच्या फुटबॉल टीममध्ये आहे, असं मी पहिल्यांदा नागपूरला फोन करून सांगितलं, तेव्हा माझ्या आईनं विचारलं, "गोल किती केले?" म्हटलं, आई, या फुटबॉलमध्ये तसला गोल नसतो. "मग काय असतं?" आता काय सांगणार? बॉल लांबुळका असतो, तो काखेत मारून पळतात, पाय त्याला क्वचितच लागतो, आणि आमचं पोट्टं तर त्याला हातही लावत नाही. त्याची जागा लाइनमध्ये. म्हणजे समोरच्या धिप्पाड पोराला यानं ढकलायचं, त्यानं याला ढकलायचं, आणि तेवढ्यात मागून भलताच कुणीतरी बॉल घेऊन पळाला की सगळ्या टाळ्या त्याला. तीन सीझन आमच्याकडे हे चाललं होतं. "म्हणजे ढकलाढकली करायला कॅनडाला गेलात होय," आई म्हणाली आणि तिनं फोन भावाच्या हातात दिला.

एडमंटनमध्ये हा सीझन ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो आणि बर्फ पडेपर्यंत चालतो. बर्फ पडल्यावरही चालतो, कारण बर्फ पडला म्हणून खेळ थांबवायचा तर या गावात बारा महिने घरातच बसावं लागेल. सीझन पोरांचा, राबणूक आयांची. मी जन्माची शाकाहारी, घरात अंडं उकडलं तरी खिडक्या उघडणारी बाई. पण शाळेच्या मैदानावरच्या कॅन्टीनमध्ये उभी राहून मी इतके हॉट डॉग उलटेपालटे केले आहेत की नागपुरात कळलं तर मला गंगेत बुडवून काढतील. शिवाय जर्सी धुवायच्या. प्रत्येक पोराला दोन जर्सी, घरच्या मैदानावर घालायची मरून आणि बाहेरच्या मॅचला पांढरी. ज्यानं कुणी चिखलात लोळायच्या खेळाला पांढरा रंग निवडला, त्यानं आयुष्यात स्वतःची बनियनसुद्धा धुतली नसणार. मशीनमध्ये ते गवताचे डाग निघत नाहीत. बेसमेंटच्या सिंकपाशी उभं राहून, ब्रश घेऊन, ती पांढरी जर्सी मी दर आठवड्याला घासली आहे.

नवरा पुण्याचा. त्यामुळे त्याला हा खेळ न बघताच कळला होता. "चार पावलं धावतात आणि मग गोल रिंगण करून चर्चा करतात. हे मी दिवसभर ऑफिसच्या मीटिंगमध्ये करतो, त्यासाठी थंडीत कशाला जाऊ?" हे त्याचं मत, आणि मत एकदा बनलं की बदलायची पद्धत त्यांच्याकडे नाही. बारावीच्या वर्षी पोरानं फुटबॉल सोडावा आणि मार्कांकडे बघावं, असं त्यानं उन्हाळ्यात जाहीर केलं. पोरगं म्हणालं, "तुम्ही मला खेळताना एकदा तरी पाहिलंय का?" हे अर्थात इंग्रजीत, कारण आमच्याकडे भांडण इंग्रजीत आणि जेवण मराठीत असतं. नवरा म्हणाला, "बघण्यासारखं असेल तेव्हा बघीन." झालं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. एकाच घरात राहून हा मला सांगणार, "तुझ्या मुलाला सांग, गॅरेजमधले बूट उचल," आणि तो पलीकडून म्हणणार, "टेल डॅड, आय डिड." मी मधे उभी. टपाल खात्यानं मला पेन्शन द्यायला हवं.

तर सप्टेंबरच्या शेवटी शाळेचा होमकमिंगचा आठवडा आला. ही मूळची अमेरिकेतली टूम. माजी विद्यार्थी घरी परत येतात, त्यांच्या स्वागतासाठी मॅच ठेवायची, शाळा सजवायची, असं काहीतरी. आमच्या शाळेचे निम्मे माजी विद्यार्थी दोन चौक पलीकडे राहतात आणि रोज सकाळी शाळेसमोरच्या कॉफीच्या ड्राइव्ह-थ्रूमध्ये दिसतात. ते नक्की कुठून घरी येतात, देव जाणे. पण आठवडाभर पोरं रोज एकेक सोंग घेऊन शाळेत जातात. एक दिवस पायजमा घालून, एक दिवस मित्राशी जुळे कपडे करून, शुक्रवारी शाळेच्या रंगात. बारा वर्षं शिकवून शेवटी पायजम्यात पाठवायचं होतं, तर बालवाडीतच का नाही थांबलो, असं नवरा म्हणाला. मला म्हणाला, पोराला नाही.

या आठवड्यात दोन रिवाज आहेत, आणि त्या दोन्हींनी माझा जीव खाल्ला. पहिला असा की शुक्रवारच्या मॅचला बारावीचं प्रत्येक पोरगं आपली पांढरी जर्सी आपल्या माणसाला घालायला देतं. बहुतेक जण आईला देतात. कुणी मैत्रिणीला देतो, कुणी आजीला. दुसरा असा की मॅचच्या आधी बारावीची पोरं आपल्या आईबापांबरोबर मैदानाच्या टोकापासून मधोमध चालत जातात, लाउडस्पीकरवर नाव पुकारतात, लोक टाळ्या वाजवतात. आदल्या दोन वर्षी हे सगळं मी कॅन्टीनच्या खिडकीतून बघितलं होतं. ढगळ पांढऱ्या जर्सी घातलेल्या त्या बाया लेकाच्या दंडाला धरून चालायच्या आणि मी हातात चिमटा घेऊन मनात म्हणायची, थांबा, आमची बारावी येऊ द्या.

आता स्पष्टच सांगते. मला त्याच्याबरोबर चालायचं होतं. पुढच्या सप्टेंबरात तो कुठल्या तरी लांबच्या युनिव्हर्सिटीत असणार, आणि मी बेसमेंटच्या सिंकपाशी काय घासणार होते? पण मला बोलावणं हवं होतं. माझ्या माहेरी बिनबोलावता कुणी कुठे जात नाही. माझ्या काकूनं सख्ख्या भाच्याच्या लग्नाला जायचं टाळलं होतं, कारण पत्रिका पोस्टानं आली, माणूस आलं नाही. अक्षत घेऊन दारात कुणीतरी उभं राहायला लागतं, तोंडानं "या" म्हणायला लागतं. कोचचा ई-मेल आला होता खरा, की बारावीच्या पालकांनी अमुक वाजता मैदानाच्या टोकाला जमावं. पण तो ई-मेल कोचचा होता. रविवारी मी पोराला सहज विचारल्यासारखं विचारलं, "शुक्रवारी ते चालायचं असतं ना?" तो दुधातलं सीरियल खाता खाता म्हणाला, "यू डोंट हॅव टू कम. इट्स नॉट अ बिग डील." यायची गरज नाही. हे ऐकल्यावर माझ्या काकूनं काय केलं असतं, ते सांगायला नको.

सोमवारी घटस्थापना होती. मी पांढरा कुर्ता घालून घट बसवला, माती बागकामाच्या दुकानातली, गहू पंजाबी ग्रोसरीतले, आणि पोरगं पायजम्यात शाळेत गेलं. नवरात्रात रोजचा एक रंग असतो आणि आमच्या इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर रोज सकाळी त्या रंगातला फोटो टाकावा लागतो. उशीर केला तर "आज कुणाची तरी वॉर्डरोब संपला वाटतं" असा टोमणा येतो. पोराच्या शाळेत सोंगं, आईच्या ग्रुपवर रंग. त्याला मी हसत होते खरी, पण मंगळवारी लाल जॅकेट सापडेना म्हणून मीही ऑफिसला वीस मिनिटं उशिरा गेले.

बुधवारी दुपारी शाळेत जर्सी द्यायच्या असतात. मी संध्याकाळी घरी आले, हात धुतले, निळ्या कुर्त्यातच चहा टाकला आणि सोफ्यावर बसून राहिले. आमचा पोरगा आला, फ्रिज उघडला, बंद केला, बेसमेंटमध्ये गेला. थोड्या वेळानं मी खाली गेले. "तुझी पांढरी जर्सी दे, धुवायची आहे."

"इट्स क्लीन, आई."

"हो, पण आहे कुठे?"

"अराउंड," तो म्हणाला. इकडेच कुठेतरी.

मी वर आले. नवरा लॅपटॉपसमोर बसला होता. म्हटलं, यानं जर्सी कुण्या पोरीला दिली असेल का? तो म्हणाला, "मला काय विचारतेस? मला तो सांगतो का काही?" खरं आहे म्हणा. मी भाजीत दोनदा मीठ घातलं, आणि दोघांनीही ती मुकाट्यानं खाल्ली. दोघांचं तेवढ्यावर एकमत झालं.

गुरुवारी तर कहरच. मॅचच्या आदल्या दिवशी अख्ख्या टीमला कुणाच्या तरी घरी जेवण असतं, आणि होमकमिंगच्या आठवड्याची पाळी नेमकी आमची. माझा नऊ दिवसांचा उपवास. बेसमेंटमध्ये बैलासारखी पोरं बसलेली, जिना दणदणतोय, आणि मी पिवळी ओढणी खोचून पास्त्याची पातेली खाली पोचवून राहिले. माझ्यापुरते साबुदाण्याचे वडे तळून एका ताटलीत झाकून ठेवले होते. त्यातल्या एकानं झाकण उघडलं, एक खाल्ला, बाकीच्यांना हाक मारली. मी पास्ता ठेवून वर येईपर्यंत ताटली साफ. "थँक यू, मिसेस, दीज आर अमेझिंग," असं म्हणाले सगळे. माझ्या उपासाचा फराळ त्यांनी संपवला आणि मला त्या दिवशी खराखुरा उपास घडला.

खाली पोरं गप्पा मारत होती, "माझ्या आईनं माझी जर्सी घालून आत्ताच फोटो पण काढला," "माझी आई तर रडलीच." मी रिकाम्या प्लेटी उचलत होते. एकानं आमच्या पोराला विचारलं, "तू कुणाला दिलीस?" तो माझ्याकडे बघून म्हणाला, "नॉट येट." मी प्लेटी उचलून वर निघून आले. अजून नाही म्हणजे कुणाला द्यायची ते ठरतंय, आणि आई समोर प्लेटी उचलतेय ती यादीत नाही. मला रडू आलं. सिंकचा नळ सोडून मी रडून घेतलं आणि मग भांडी लावली.

सगळी गेल्यावर तो वर येऊन नवऱ्याच्या कामाच्या खोलीत गेला आणि त्यानं दार लावलं. म्हटलं, आता पेटणार. मी भांडी पुसत कान लावून उभी. पण आवाज चढले नाहीत. थोड्या वेळानं तो बाहेर आला आणि झोपायला गेला. वायफाय बंद पडलं असेल, असं मी धरलं. या घरात बाप आठवायला तेवढंच कारण उरलं होतं.

शुक्रवारी सकाळी नवरा म्हणाला, "आज डाउनटाउनला मीटिंग आहे, उशीर होईल." मी म्हटलं, जा बाप्पा, तू तरी कुणाला हवा आहेस. आणि मी ठरवलं की चालायला जायचं नाही. पण कॅन्टीनची पाळी माझी होती. ती मी महिन्यापूर्वी घेतली होती, आणि शब्द दिला की मी मोडत नाही. म्हणजे मैदानावर मी जाणार होते ते ड्यूटी म्हणून. मान नाही तर नाही, हॉट डॉग तर आहेत.

शुक्रवारचा रंग हिरवा. हिरवा कुर्ता, हिरव्या बांगड्या, टिकलीसुद्धा हिरवी. आणि एडमंटनमध्ये जॅकेटच्या आत तुम्ही काय घातलंय हे देवीशिवाय कुणाला दिसत नाही, म्हणून मी सेलमध्ये जॅकेटच पोपटी घेऊन ठेवलं होतं. सकाळी फोटो टाकला, ग्रुपवर बदाम आले, ऑफिसला गेले, आणि तिथूनच थेट मैदानावर. वारा असा सुटला होता की टोपी कानांवर ओढून, हूड चढवून, मान खाली घालून मी पार्किंगमधून चालत निघाले.

फाटकाशी पालक कमिटीची बाई उभी होती. तीन सीझन मी तिच्या खांद्याला खांदा लावून हॉट चॉकलेट विकलं आहे. तिनं माझ्याकडे बघितलं आणि गोड हसून म्हणाली, "व्हिजिटर्स आर ऑन द अदर साइड, हनी." पाहुणे त्या बाजूला. मला वाटलं, गंमत करतेय. तेवढ्यात मागून येणाऱ्या एका आजींनी माझ्या हातात हिरव्या झिरमिळ्यांचा पॉमपॉम कोंबला आणि "गो टीम" म्हणत त्या पुढे गेल्या. मी मान वर केली. आमच्या बाजूचा अख्खा स्टँड मरून आणि पांढरा. समोरच्या बाजूला नदीपलीकडची शाळा, आमची जन्माची वैरी, आणि ती नखशिखान्त हिरवी. त्यांचे पालक हिरवे, त्यांचा बँड हिरवा, त्यांच्या एका माणसानं तोंडही हिरवं रंगवलं होतं. तीन सीझन त्यांच्याशी झालेल्या मॅचेस पाहिल्या होत्या मी. पण सकाळी कपाटासमोर उभी होते तेव्हा माझ्या डोक्यात देवी होती, नदीपलीकडची शाळा नव्हती.

जॅकेट काढावं तर आत कुर्ता हिरवा. मी हूड मागे केलं. कमिटीची बाई दचकली. "ओह माय गॉड, इट्स यू." मी म्हटलं, हो, मीच, कॅन्टीनची किल्ली दे. ती म्हणाली, "कॅन्टीन कसलं? बारावीचे पालक तिकडे रांगेत उभे आहेत, तू इथे काय करतेस?" मी म्हटलं, माझी ड्यूटी आहे. आणि तिनं पुन्हा विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, "मला त्यानं बोलावलेलं नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला हे वाक्य समजलंच नाही. "यू आर हिज मदर," ती म्हणाली. यांना मानपान काय ठाऊक? तिनं माझ्या खांद्याला धरलं, मला मैदानाच्या टोकाच्या दिशेनं वळवलं आणि पाठीवर हात ठेवून सरळ ढकलून दिलं. तिचा पोरगाही लाइनमध्येच खेळतो.

मी गेले. हिरवी, हातात पॉमपॉम, आमच्या मरून स्टँडसमोरून. कुणीतरी हुर्यो केली, आणि समोरच्या बाजूनं कुणीतरी टाळ्या वाजवल्या. रांगेच्या शेवटी मला आमच्या पोराचा नंबर दिसला. दोन पाठींवर दिसला. एक मरून जर्सीवर, तो स्वतः. आणि शेजारी दुसरा, पांढऱ्या जर्सीवर. जाड जॅकेटवरून ती ओढून घातलेला माणूस, जर्सी पाठीवर ताणलेली, काखेत अडकलेली. तो माझा नवरा होता. दोन्ही हात मागे बांधून, पासपोर्टच्या फोटोला उभा राहावा तसा ताठ उभा होता.

आधी मला हसू आलं. मग डोळ्यांत पाणी आलं. आणि पाठोपाठ असा राग आला की काय सांगू. त्या जर्सीचे डाग कुणी घासले? थंडीत बोटं कुणाची फुटली? आणि मान कुणाला मिळाला, तर जो एकदाही मैदानावर फिरकला नाही त्याला.

"आई, ग्रीन? सीरियसली?" पोरानं विचारलं.

"आज शुक्रवार आहे," मी म्हटलं.

"तू हिरव्यात काहून येऊन राहिली?" नवऱ्यानं माझ्याच बोलीत विचारलं. पुणेकर घाबरला की विनोद करतो.

"तू बोलू नकोस. तुझी डाउनटाउनला मीटिंग होती ना?" मी पोराकडे वळले. "जर्सी याला दिलीस?"

तो हातातल्या हेल्मेटकडे बघत इंग्रजीत बोलायला लागला. बाबा आला नसता, म्हणाला. नुसतं ये म्हटलं असतं तर काहीतरी कारण काढलं असतं. जर्सी हातात दिल्यावर त्याला नाही म्हणता आलं नाही. नवरा दूर गोलपोस्टकडे बघत उभा होता, आणि त्याची हनुवटी हलत होती.

"आणि मी?" मी विचारलं.

"यू?" त्याला प्रश्नच कळला नाही. "यू ऑलवेज कम." तू तर येतेसच.

हे खरं होतं, आणि म्हणूनच ते लागलं. पाऊस असो, बर्फ असो, मी आलेच होते. येणाऱ्या माणसाला कशाला कुणी विचारेल? मी म्हटलं, "मी आले ती कॅन्टीनला. चालायला मला कुणी बोलावलं नव्हतं. पुढच्या वेळी तोंडानं विचारायचं."

"देअर इज नो नेक्स्ट टाइम, आई," तो म्हणाला. पुढची वेळच नाही. बसची वेळ सांगावी इतक्या साधेपणानं म्हणाला. "धिस इज द लास्ट वन."

पुढच्या पोराचं नाव पुकारलं गेलं, त्याची आई त्याच्या दंडाला धरून निघाली. आता आमचाच नंबर.

"मग आत्ता विचार," मी म्हटलं.

त्यानं आजूबाजूला पाहिलं. त्याचे दोन मित्र रांगेबाहेर उभे राहून आमच्याकडेच बघत होते. त्याचे कान लाल झाले. लाउडस्पीकरवरच्या माणसानं आमचं आडनाव वाचायला सुरुवात केली आणि तो त्यात अडकला, पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. पोरानं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं, रिकामा दंड माझ्यापुढे केला, आणि जेवण मागण्यापलीकडे जी भाषा त्यानं कित्येक वर्षांत वापरली नव्हती, त्या भाषेत विचारलं.

"आई, तू येशील का माझ्याबरोबर?"

"येते," मी म्हटलं, आणि डोळे पुसायलाही थांबले नाही.